अनोवाच्या टेबलात एरर कुठून आला, ते आधी बघ

पत्र:

मॅडम, मी एम.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोयाबीनवर खताच्या चार मात्रांचा प्रयोग घेतला. ट्रीटमेंट टी१ ला खत नाही, टी२ ला शिफारशीच्या ५० टक्के, टी३ ला ७५ टक्के आणि टी४ ला १०० टक्के. आरबीडी (रान गटांत वाटून प्रत्येक गटात सगळ्या ट्रीटमेंट एकेकदा), पाच रेप्लिकेशन म्हणजे गट, एकूण २० प्लॉट, निव्वळ प्लॉट ४.५ × ३.६ मीटर. रान उताराचं आहे, म्हणून रेप्लिकेशन उताराला आडवी टाकली. पहिलं वर मुरमाडात, पाचवं खाली काळ्या मातीत. एक्सेलमध्ये अनोवा केला तर एफ १.६३ आला, नॉन-सिग्निफिकंट, म्हणजे खताने फरक पडला असं म्हणता येत नाही. दोन वर्षं पाण्यात गेली असं वाटतंय. सीनियर म्हणतो, चार ट्रीटमेंटच्या सहा जोड्या होतात, दोन-दोन सरासऱ्या ताडणाऱ्या सहा टी-टेस्ट मार, एखादी तरी लागेल. गंमत म्हणजे प्रत्येक प्लॉटमधल्या दहा झाडांच्या शेंगा मोजल्या होत्या, ते २०० आकडे टाकले तर पी-व्हॅल्यू (फरक नसताना असे आकडे योगायोगाने येण्याची शक्यता) जवळजवळ शून्य येते. गाईडना ‘७५ टक्के मात्रा १०० टक्क्यांच्या ॲट पार (बरोबरीची) आहे, म्हणून २५ टक्के खत वाचतं’ असा निष्कर्ष अपेक्षित आहे. शिवाय चौथ्या रेप्लिकेशनमधला टी१ चा प्लॉट कमी भरला, तिथे पाणी साचलं असावं. तो काढून टाकला तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, मराठवाडा

उत्तर:

तुझी दोन वर्षं पाण्यात गेलेली नाहीत. प्रयोग तू नीट आखलास, रेप्लिकेशन उताराला आडवी टाकलीस, म्हणजे सगळ्यात अवघड काम पेरणीच्या दिवशीच बरोबर केलंस. चूक झाली ती शेवटी, संगणकासमोर. शेतात आरबीडी आणि एक्सेलमध्ये ‘अनोवा: सिंगल फॅक्टर’, अशी गत झाली आहे. तू पाठवलेले आकडे मी हाताने सोडवले, ते इथे मांडते. पहिल्या ते पाचव्या रेप्लिकेशनपर्यंत, प्लॉटला किलोमध्ये:

टी१: २.४, २.३, ३.०, २.८, ३.५ (सरासरी २.८)
टी२: २.४, २.९, ३.०, ३.७, ३.५ (सरासरी ३.१)
टी३: ३.१, २.८, ३.१, ३.७, ३.८ (सरासरी ३.३)
टी४: २.७, ३.४, ३.५, ३.६, ३.८ (सरासरी ३.४)

क्षणभर ट्रीटमेंट विसर आणि हे आकडे उभे वाच. पहिल्या रेप्लिकेशनची सरासरी २.६५, मग २.८५, ३.१५, ३.४५ आणि पाचव्याची ३.६५. वरून खाली येताना प्लॉटमागे तब्बल एक किलो वाढलं. तुझ्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट ट्रीटमेंटमध्ये फरक आहे ०.६ किलोचा. म्हणजे खताने जे केलं त्यापेक्षा उताराने जास्त केलं. हे तुला पेरणीआधीच ठाऊक होतं, म्हणून तर तू गट पाडलेस. सिंगल फॅक्टरला मात्र ते तू सांगितलंच नाहीस.

अनोवा काय करतो? वीस प्लॉट एकमेकांपासून जितके वेगळे आहेत, तो सगळा वेगळेपणा एका ठिकाणी गोळा करतो आणि कारणांप्रमाणे वाटून देतो. तुझ्या आकड्यांची एकूण सम ऑफ स्क्वेअर्स (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज) ४.४९. त्यातले १.०५ ट्रीटमेंटच्या खात्यात गेले. उरलेले ३.४४ सिंगल फॅक्टरने सरसकट एररमध्ये, म्हणजे कारण न कळलेल्या फरकात, ढकलले. मीन स्क्वेअर म्हणजे ती बेरीज भागिले डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र तुलना किती करता येतात ती संख्या). ट्रीटमेंटचा १.०५ भागिले ३, म्हणजे ०.३५. एररचा ३.४४ भागिले १६, म्हणजे ०.२१५. दोघांचा भागाकार तुझा १.६३.

आता त्या ३.४४ च्या पोटात बघ. त्यातले २.७२ निव्वळ रेप्लिकेशनमधल्या फरकाचे आहेत, म्हणजे मुरूम आणि काळ्या मातीचे. ते बाजूला काढले की खरा एरर राहतो ०.७२, त्याची डिग्री ऑफ फ्रीडम १२, मीन स्क्वेअर ०.०६. एफ होतो ०.३५ भागिले ०.०६, म्हणजे ५.८३. ३ आणि १२ डिग्रीसाठी पाच टक्के पातळीचा टेबलमधला आकडा ३.४९ आहे, एक टक्क्याचा ५.९५. तुझा प्रयोग पाच टक्क्यांवर स्पष्ट सिग्निफिकंट आहे आणि एक टक्क्याच्या अगदी उंबऱ्यावर. सी.व्ही. (एररची चढउतार सरासरीच्या किती टक्के, ते) येतो ७.८ टक्के, शेतातल्या प्रयोगासाठी तो चांगला म्हणावा लागेल.

एक्सेलमध्ये तुला हवा होता तो पर्याय ‘टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’. तू त्याला हात का लावला नाहीस याचा अंदाज मला आहे. तुझ्याकडे पाच रेप्लिकेशन आहेत आणि पर्याय म्हणतो विदाउट! त्या नावाने दर वर्षी कितीतरी मुलं फसतात. तिथे अर्थ एवढाच, की एका गटात एक ट्रीटमेंट एकदाच आली आहे. आरबीडीत तसंच असतं. कॉलममध्ये ट्रीटमेंट आणि ओळींत रेप्लिकेशन ठेव. ‘रोज’ची ओळ म्हणजे रेप्लिकेशन, ‘कॉलम्स’ची ओळ म्हणजे ट्रीटमेंट. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरणार असशील तर रेप्लिकेशनला १ ते ५ आकडे देऊन तसेच सोडू नकोस, त्यांना फॅक्टर कर. नाहीतर आर त्यांना मोजलेली संख्या समजतो आणि चारऐवजी एकच डिग्री देतो. टेबल समोर आलं की एफ बघायच्या आधी एररच्या डिग्री बघायची सवय लाव. चार ट्रीटमेंट, पाच रेप्लिकेशन, म्हणजे ३ गुणिले ४, बारा. तिथे १२ दिसत नसतील तर पुढचं काही वाचू नकोस. आपल्याकडे प्रयोग आखताना एररला निदान बारा डिग्री तरी असाव्यात असा दंडक सांगतात. तुझा आराखडा त्यात नेमका बसतो.

या बाबतीत तू मोठ्या लोकांच्या पंगतीत आहेस, हेही सांगते. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आले, आणि अनोवा जन्मला तो तिथल्या शेताच्या आकड्यांतून. १९२३ मध्ये त्यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासोबत बटाट्याच्या बारा वाणांवरचा खतांचा प्रयोग छापला. पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या छापील नमुन्यांपैकी तो एक. प्रयोगाची मांडणी दोन टप्प्यांची होती, मोठ्या प्लॉटच्या पोटात छोटे प्लॉट. पण विश्लेषण एकाच सरसकट एररवर केलेलं होतं. १९२५ मध्ये फिशरनी त्याच बटाट्यांचे आकडे पुन्हा मांडले तेव्हा दोन टप्प्यांना दोन वेगळे एरर दिले. पद्धत शोधणाऱ्या माणसालाही कुठल्या फरकाखाली कुठला एरर ठेवायचा हे उलगडायला दोन वर्षं लागली. अनोवातली अवघड जागा तीच आहे, गुणाकार-भागाकार नव्हे.

ट्रीटमेंटचा फरक मोठा की लहान, हे तो फरक एकटा सांगू शकत नाही. एकसारखी वागणूक मिळालेले प्लॉट आपसांत किती हलतात, त्याच्याशी तो ताडून बघावा लागतो. ही मोजपट्टी फुगवलीस तर खरा फरक बुडतो. तुझ्या उत्पादनाचं हेच झालं. मोजपट्टी आखडलीस तर नसलेला फरक उगवतो. तुझ्या शेंगांचं ते झालं आहे.

दोनशे आकडे टाकलेस तेव्हा संगणकाला वाटलं की खत दोनशे वेळा वेगवेगळं दिलं गेलं. एररची डिग्री झाली १९६. पण खत झाडाला दिलं नव्हतंस, प्लॉटला दिलं होतंस. एका प्लॉटमधली दहा झाडं एकाच मातीत, एकाच ओलीत, एकाच हाताने पेरलेली. ती एकमेकांसारखी असणारच. त्यांच्या आपसांतल्या फरकावरून झाड आणि झाड यांच्यातला फरक कळतो. एक प्लॉट आणि दुसरा प्लॉट यांच्यातला नाही. आणि तुझा प्रश्न प्लॉटचा आहे. त्यामुळे प्रत्येक प्लॉटच्या दहा झाडांची सरासरी काढ, वीस आकडे कर आणि उत्पादनासारखाच आरबीडी अनोवा लाव. शून्याच्या जवळची ती पी-व्हॅल्यू जाईल, तिला जाऊ दे. दहा झाडं मोजण्याची मेहनत वाया जात नाही. तिच्यामुळे प्लॉटची सरासरी जास्त भरवशाची होते. शेंगा किंवा किडी मोजलेल्या असतील आणि आकडे लहान असतील, शून्यं बरीच असतील, तर वर्गमूळ घेऊन विश्लेषण कर. उत्पादनाला त्याची गरज नाही.

हा दोष मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो सापडत नाही. फुगलेला एरर विद्यार्थ्याला रडवतो, म्हणून तो कुणाला तरी विचारतो. आखडलेला एरर खूश करतो आणि थेट छापून जातो.

सीनियरचं ऐकू नकोस. एक टी-टेस्ट पाच टक्के पातळीवर केली तर काहीही फरक नसताना ‘फरक आहे’ असं सांगण्याची शक्यता पाच टक्के. सहा स्वतंत्र चाचण्या केल्या तर त्यातली एखादी तरी खोटी लागण्याची शक्यता २६ टक्क्यांवर जाते. तुझ्या जोड्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत, टी१ तीन जोड्यांत येतो, म्हणून प्रत्यक्षात सुमारे २०. पाचातला एक प्रयोग निव्वळ योगायोगाने ‘यशस्वी’. आणि ‘एखादी तरी लागेल’ हा हेतू धरून बसलं की लागलेल्या चाचणीला किंमत उरत नाही.

तोटा आणखी एक आहे. टी१ आणि टी४ ची जोडीने टी-टेस्ट केलीस तर एरर त्या दहाच प्लॉटवरून काढावा लागतो, डिग्री फक्त चार. तशा चाचणीत फरक पकडायला तुझ्या आकड्यांवर ०.४३ किलो लागतात. अनोवातला एरर वीसही प्लॉटनी मिळून दिलेला आहे, तिथे ०.३४ पुरतात. टी२ आणि टी३ चे प्लॉट टी१-टी४ च्या तुलनेतही तुझ्या बाजूने काम करतात. एवढा फायदा हातचा का घालवायचा?

ते ०.३४ म्हणजे तुझा सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, फरक खरा मानायला लागणारी किमान मर्यादा) कसा आला ते लिहून ठेव, व्हायव्हात विचारतात. दोन गुणिले ०.०६ भागिले ५, त्याचं वर्गमूळ ०.१५५; गुणिले बारा डिग्रीचा टी २.१७९. आता फरक बघ. टी३ वजा टी१ ०.५, टी४ वजा टी१ ०.६, दोन्ही पार. टी२ वजा टी१ ०.३, थोडक्यात राहिला. बाकी जोड्या राहिल्याच. एखादे परीक्षक सी.डी. ढिला आहे म्हणून टुकीची कसोटी (सगळ्या जोड्या एकदम धरणारी, जास्त कडक) मागतील. तिची मर्यादा ०.४६ येते. त्यातही हे दोन्ही फरक टिकतात, तेव्हा निर्धास्त राहा.

आता गाईडना हवा असलेला निष्कर्ष. इथे मी जरा ठाम बोलणार आहे, कारण हे वाक्य थिसिसमध्ये राहत नाही. ते शिफारशीत जातं, शिफारस मेळाव्यात जाते आणि मग कुणीतरी त्यावर पेरतं.

टी३ आणि टी४ मध्ये फरक ०.१ किलो आहे, सी.डी. ०.३४. म्हणून दोन्ही ‘ॲट पार’. इथवर ठीक. पण ॲट पार म्हणजे समान नव्हे. या प्रयोगाला तो फरक ओळखता आला नाही, एवढंच त्यातून निघतं. खरा फरक कुठेही असू शकतो, ०.१ च्या अलीकडे-पलीकडे ०.३४. म्हणजे उणे ०.२४ पासून अधिक ०.४४ पर्यंत. तुझा प्लॉट १६.२ चौरस मीटरचा, तेव्हा हेक्टरी भाषेत: पूर्ण मात्रेने १४८ किलो कमी येण्यापासून २७२ किलो जास्त येण्यापर्यंत काहीही या आकड्यांशी जुळतं. पावणेतीन क्विंटल सोयाबीन कोरडवाहू शेतकऱ्याला किरकोळ वाटेल का? मग ‘२५ टक्के खत वाचतं’ हे वाक्य कशाच्या बळावर लिहायचं?

आणखी एक गोष्ट आहे. तुझ्या ट्रीटमेंट म्हणजे चार वेगवेगळे वाण नाहीत. एकाच खताच्या चढत्या मात्रा आहेत, ०, ५०, ७५, १००. वाण असते तर जोड्या लावणं समजलं असतं. मात्रांना विचारायचा प्रश्न असा, की मात्रा वाढेल तसं उत्पादन कसं चढतं आणि कुठे सपाट होतं? तुझी हेक्टरी सरासरी क्विंटलमध्ये साधारण १७.३, १९.१, २०.४ आणि २१.०. ट्रीटमेंटच्या १.०५ मधून सरळ रेषेचा वाटा काढून बघितला तर तो १.०४ निघतो. जवळजवळ सगळाच. एका डिग्रीवर त्याचा एफ १७ च्या वर जातो, टेबलमधला आकडा ४.७५. याचा अर्थ तुझ्या रानात मात्रा दर २५ टक्क्यांनी वाढली की सरासरी हेक्टरी ९५ किलो वाढले, आणि शंभर टक्क्यांपर्यंत तरी उत्पादन सपाट झाल्याची खूण दिसत नाही. जोड्या लावल्या तर ‘७५ पुरे’ असं वाटतं. तेच आकडे मात्रांच्या क्रमाने वाचले तर चढ अजून चालू आहे असं दिसतं. प्रश्न मात्रांचा आहे, म्हणून दुसरं वाचन बरोबर.

गाईडना हे कसं सांगायचं याची तुला धास्ती असेल. भांडायला जाऊ नकोस. टेबल, आलेख आणि एक छोटा हिशेब घेऊन जा: २५ टक्के मात्रेच्या खताचा खर्च एका बाजूला, ९५ किलो सोयाबीनचा त्या हंगामातला बाजारभाव दुसऱ्या बाजूला. ७५ टक्के परवडत असेल तर ते या हिशेबातून दिसू दे, ॲट परच्या अक्षरांतून नको. एका हंगामाचा, एका रानाचा प्रयोग आहे हेही त्यात लिहावं लागेल. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात ‘विश्लेषण पानसे व सुखात्मे यांच्या पद्धतीनुसार केले’ हे वाक्य असेलच; आपल्या कृषी विद्यापीठांतल्या थिसिसमध्ये ते असतंच. विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं ते पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये काढलं. ग्रंथालयातून ते आण आणि आरबीडीचं प्रकरण खरंच वाच. नाव उद्धृत करून पुस्तक न उघडण्याची सवय मोडायला तुझ्यापासून सुरुवात झाली तर मला आनंद होईल.

राहिला तो पाण्याचा प्लॉट. टी१, चौथं रेप्लिकेशन, २.८ किलो. त्याच्या गटावरून आणि ट्रीटमेंटवरून तिथे ३.१ अपेक्षित होते, म्हणजे ०.३ ची तूट. पण दुसऱ्या रेप्लिकेशनमधला टी४ तेवढाच वर गेला आहे, पहिल्यातला टी३ सुद्धा, चौथ्यातला टी२ सुद्धा. त्यांच्याबद्दल तू विचारलं नाहीस. आकडा आवडला नाही म्हणून प्लॉट काढता येत नाही.

‘पाणी साचलं असावं’ असं लिहिलं आहेस. साचलं होतं की असावं? शेतावरची नोंदवही काढ. त्या दिवसाच्या तारखेला, काढणीच्या आधी, ‘आर४ टी१ मध्ये पाणी’ अशी नोंद असेल, आणि पाणी साचण्याचा खत न देण्याशी काही संबंध नसेल, तर तो प्लॉट मिसिंग धरता येईल. त्यासाठी रॉथमस्टेडच्याच फ्रँक येट्स यांनी १९३३ मध्ये सूत्र दिलं आहे. त्याने तुझ्या प्लॉटला ३.३ किलो येतात, टी१ ची सरासरी २.९ होते आणि एररची एक डिग्री कमी करून ११ धरावी लागते. भरलेला आकडा हा मोजलेला आकडा नव्हे, हे टेबलखाली लिहायचं. नोंद नसेल तर २.८ तसेच ठेव. ते ठेवूनही तुझा एफ ५.८३ आहे.